किंमत महाग नसते, तोटा जड नसतो

इंग्रजी विशेषणांच्या वापराविषयी मराठीच्या अध्यापकांनी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. तो आक्षेप गृहीत धरूनच आम्ही लिहीत आहोत. 'द प्राइस ऑफ पापलेट इज व्हेरी एक्स्पेन्सिव्ह' आणि 'वुई सफर्ड बिग डॅमेजेस इन द सायक्लोन' अशी वाक्ये पदवीच्या उत्तरपत्रिकांत येतात, अर्जांत येतात, आणि वर्गात फळ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडीही येतात. त्यावर हल्ली एक ठरलेले समर्थन असते: 'अर्थ कळला ना? मग झाले.' हे समर्थन खोटे आहे, आणि ते ज्यांच्या बाजूने केले जाते त्यांचेच ते सर्वाधिक नुकसान करते, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरणासाठी आम्ही पाली हे गाव घेतो. अष्टविनायकांचे पाली नव्हे; मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले, उत्तनला लागून असलेले किनाऱ्यावरचे पाली. चौक, पाली, उत्तन ही कोळ्यांची, बहुतांशी ख्रिस्ती वस्ती. येथे डोलजाळ्यांची मासेमारी आहे, बोंबील वाळवणे आहे, आणि दर पिढीत समुद्राने नेलेली माणसेही आहेत. भाव आणि हानी हे येथील रोजच्या बोलण्याचे दोन विषय. त्या घरांतली मुले आता महाविद्यालयांत शिकतात आणि घरातले इंग्रजी कागद तीच वाचतात, तीच लिहितात. चढी किंमत आणि मोठी हानी यांसाठीची विशेषणे त्यांना नेमकी येतात की नाही, हा प्रश्न गुणांपुरता उरत नाही.

आधी किंमत. 'महाग' हा शब्द संस्कृत 'महार्घ' या शब्दापासून, प्राकृतातून आपल्याकडे आला. 'अर्घ' म्हणजे मोल. ज्याचे मोल मोठे ते महार्घ. म्हणजे 'महाग' या शब्दाच्या पोटातच किंमत आहे. म्हणून वस्तू महाग असते, किंमत महाग असू शकत नाही. 'किंमत महाग' म्हणणे म्हणजे 'मोलाचे मोल मोठे' म्हणणे. किंमत जास्त असते, चढी असते, अवाच्या सवा असते; भाव चढतो, कडाडतो, उतरतो. ही जाण मराठीत शाबूत असती तर इंग्रजीतली अर्धी चूक झालीच नसती, कारण इंग्रजीचा नियमही नेमका हाच आहे. 'एक्स्पेन्सिव्ह'च्या पोटात 'एक्स्पेन्स' आहे, 'कॉस्टली'च्या पोटात 'कॉस्ट' आहे. म्हणून मासा 'एक्स्पेन्सिव्ह' असतो, जाळे 'एक्स्पेन्सिव्ह' असते. त्यांची 'प्राइस' मात्र 'हाय' असते, फार झाली तर 'स्टीप', आणि सगळी मर्यादा सोडली तर 'एक्झॉर्बिटंट'. हा शेवटचा शब्द मुळात लॅटिनमधून 'चाकोरी सोडून गेलेला' या अर्थाने आला आहे. वस्तूची विशेषणे वेगळी आणि किमतीची वेगळी, ही शिस्त दोन्ही भाषांत एकच आहे. विद्यार्थ्याला ती इंग्रजीत नवी शिकवायची नाही. मराठीत त्याच्याकडे असलेली दाखवून द्यायची आहे.

पण आमच्या बाजारी मार्गदर्शिका काय करतात? 'डिअर – महाग, कॉस्टली – महाग, एक्स्पेन्सिव्ह – महाग' अशी तीन ओळींची यादी देतात आणि पुढे सरकतात. जणू तीन पोती एकाच धान्याची. प्रत्यक्षात या तिन्ही शब्दांची बसण्याची जागा वेगळी आहे. पैशाच्या साध्या व्यवहारात 'एक्स्पेन्सिव्ह' चालतो. 'कॉस्टली' वस्तूलाही लागतो, पण त्याचे खरे बळ परिणामांच्या बाबतीत दिसते: चूक 'कॉस्टली' असते, उशीर 'कॉस्टली' असतो, युद्ध 'कॉस्टली' असते. हवामानखात्याचा इशारा असताना नौका लोटण्याचा निर्णय 'कॉस्टली' ठरतो. त्याला कोणी 'एक्स्पेन्सिव्ह डिसिजन' म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी डिझेलचा खर्च उभा राहील. मराठीत यासाठी विशेषण लागतच नाही. आपण क्रियापद वापरतो: 'महागात पडणे'. वृत्तपत्रांतून अलीकडे 'महागडी चूक' दिसू लागली आहे, ती इंग्रजी विशेषणाची जशीच्या तशी उचल आहे. महागडा असतो तो शालू, महागडे असते ते घड्याळ. 'महागडा' या शब्दातल्या 'डा'मध्ये बोलणाऱ्याची किंचित नापसंती आहे, जरा मिरवणूक आहे. तो शब्द बुडालेल्या नौकेच्या बातमीत घालणे ही केवळ शैलीची चूक म्हणता येणार नाही. ती संवेदनेचीही चूक आहे.

'डिअर'ची गंमत आणखी वेगळी. 'प्रिय' आणि 'महाग' हे दोन्ही अर्थ इंग्रजीने एकाच शब्दात ठेवले, कारण ज्याचे मोल अधिक ते जपले जाते. आजच्या इंग्रजीत किमतीच्या अर्थाने हा शब्द पुष्कळसा मागे पडला आहे, आणि 'डिअरनेस' तर जवळजवळ गेलाच. मात्र भारतात तो दर महिन्याला आमच्या वेतनपत्रावर हजर असतो. 'डिअरनेस अलाउन्स' हे भारतीय इंग्रजी आहे आणि ते पूर्णपणे शुद्ध आहे, कारण त्यातला 'डिअरनेस' म्हणजे नेमकी महागाई, एका वस्तूची चढी किंमत नव्हे. ज्यांना 'भारतीय इंग्रजी' या नावाखाली प्रत्येक चूक क्षम्य वाटते, त्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. भारतीय इंग्रजीने येथे एक भेद राखला आहे. 'प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह' म्हणणारा भेद पुसतो. भेद राखणे आणि भेद पुसणे या दोन गोष्टींना एकच सन्मान देता येणार नाही.

किमतीचे आणखी एक अंग आहे. पापलेट घेताना आपण 'हाय प्राइस' देतो. हट्टापायी 'हेवी प्राइस' देतो. पैशातली किंमत उंच, आणि आयुष्यातली किंमत जड, असा इंग्रजीचा साधारण कल आहे. मराठीतही तसाच भेद आहे: पापलेटाची किंमत जास्त, पण चुकीची किंमत 'जबर' मोजावी लागते. 'किंमत मोजणे' हा प्रयोग इंग्रजी वळणाचा आहे असे म्हणून काही शुद्धिवादी नाक मुरडतात. आम्ही त्यांच्यात नाही. तो प्रयोग मराठीत रुजला, कारण मोजणे आणि मोल यांचे नाते मराठीला परके नव्हते. रुजलेले आणि चिकटवलेले यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे, आणि तो ओळखायला शिकवणे हेच भाषेच्या अध्यापकाचे काम आहे.

आता हानी. येथे दोन्ही भाषांची घडण निराळी आहे, आणि विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. इंग्रजीत 'लॉस' हे एक नाम फार मोठा प्रदेश व्यापते. धंद्यातली खोट 'लॉस', वाहून गेलेले जाळे 'लॉस', बुडालेली नौका 'लॉस', आणि न परतलेला माणूसही 'लॉस'. मराठीत या प्रत्येकासाठी वेगळे नाम आहे आणि बहुधा वेगळे क्रियापदही: तोटा येतो, खोट बसते, नुकसान होते, हानी पोहोचते, फटका बसतो. आणि माणूस? माणूस जातो. पालीत काय किंवा कोकणात कोठेही काय, दर्यात गेलेल्या माणसाविषयी कोणी 'नुकसान झाले' असे म्हणत नाही. परभाषी चित्रपटांच्या मराठी भाषांतरात 'तुमच्या नुकसानाबद्दल मला वाईट वाटते' असे वाक्य ऐकू येते तेव्हा कान दुखतो तो याच कारणाने. शोकाच्या घरात जमाखर्चाची वही उघडल्यासारखे ते वाटते.

मराठीत नामच वेगळे असल्याने विशेषण थोडे ढिले पडले तरी चालते. नामाने अर्थ आधीच बांधलेला असतो. इंग्रजीत नाम एकच असल्याने सगळा भार विशेषणावर पडतो. कोणता 'लॉस' हे विशेषणच सांगते. 'हेवी लॉस' म्हटले की पैसा, माल किंवा संख्या. 'सिव्हिअर' म्हटले की आघाताची तीव्रता. 'ग्रीव्हस' म्हटले की व्यथा. 'इरेपरेबल' म्हटले की भरपाई अशक्य. 'टोटल' म्हटले की हिशेब: काही उरले नाही. 'डेड लॉस' म्हटले की मृत्यूचा संबंधच नाही. तो निरुपयोगी माणसासाठी किंवा वस्तूसाठी वापरायचा थट्टेचा शब्द. मराठीच्या सवयीने विशेषण हाताला लागेल ते उचलणारा विद्यार्थी येथे फसतो. बुडालेल्या नौकेसाठी जे 'टोटल लॉस' अचूक आहे, तेच गेलेल्या बापासाठी लिहिले तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही माणुसकीला सोडून जाते, कारण 'टोटल' म्हणायला आधी एखादी रक्कम ठरलेली असावी लागते, आणि बापाची रक्कम ठरलेली नसते.

उलट दिशेनेही तेच घडते. 'हेवी लॉस'चे 'जड नुकसान' होत नाही. 'सीरिअस लॉस'चे 'गंभीर तोटा' होत नाही, तरी अनुवादित बातम्यांत ते झालेले दिसते. गंभीर चेहरा असतो, प्रसंग असतो, दुखणे असते. 'गंभीर जखमी' हा प्रयोगही आता रूढ झाला. पण तोटा गंभीर होत नाही, मोठा होतो. नुकसान अतोनात होते, हानी अपरिमित होते, फटका जबर बसतो. हे शब्द एकमेकांशेजारी पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. त्यांच्या जागा बदलल्या की वाक्य उभे राहते, पण बोलत नाही. दुसऱ्या टोकाला आपली श्रद्धांजलीची भाषा आहे, जिच्यात प्रत्येक मृताने 'कधीही भरून न येणारी पोकळी' निर्माण केलेली असते. सगळ्याच पोकळ्या सारख्या झाल्या की कोणतीच पोकळी जाणवत नाही. ठरावीक विशेषण ही चुकीच्या विशेषणाचीच प्रतिष्ठित बहीण आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना तरी निराळे सांगावे लागू नये.

येथवरचे सारे कोणी अभिरुचीचा प्रश्न म्हणून बाजूला सारील. म्हणून आता ज्या विशेषणांवर रुपये मोजले जातात त्यांकडे वळू. नोव्हेंबर २००९ मधले फयान, जून २०२० मधले निसर्ग आणि मे २०२१ मधले तौक्ते ही तीन चक्रीवादळे या किनाऱ्याच्या स्मरणात आहेत. तौक्तेच्या वेळी, १७ मे २०२१ रोजी, मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली. अशा आपत्तीनंतर पंचनामे होतात, आणि पंचनाम्याचा कणा म्हणजे विशेषणे आणि क्रियाविशेषणे. आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायच्या मदतीचे केंद्र सरकारचे २०१५ चे निकष पाहा. अंशतः नुकसान झालेल्या नौकेच्या दुरुस्तीसाठी ४,१०० रुपये. पूर्णतः नुकसान झालेल्या नौकेऐवजी दुसरी घेण्यासाठी ९,६०० रुपये. जाळ्यासाठी याच दोन शब्दांनुसार २,१०० आणि २,६००. २०२२ पासूनच्या निकषांत नौकेसाठीचे हे आकडे ६,००० आणि १५,००० झाले. रकमा तुटपुंज्या आहेत, हा वेगळ्या लेखाचा विषय. आम्हांला दाखवायचे आहे ते इतकेच, की 'पार्शली' आणि 'फुली' या दोन शब्दांमध्ये नौकेसाठीची रक्कम दुपटीहून अधिक होते. २०१५ च्याच निकषांत पक्के घर अंशतः पडले तर ५,२०० रुपये आणि पूर्णतः पडले तर सपाट प्रदेशात ९५,१०० रुपये होते. 'अंशतः' या शब्दात बसायलाही किमान १५ टक्के नुकसान व्हावे लागे. अर्जात 'बिग डॅमेज' असे लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते. 'बिग' हा शब्द कोणत्याही रकान्यात बसत नाही.

'डॅमेज' आणि 'डॅमेजेस' यांचेही तेच. एकवचनी 'डॅमेज' म्हणजे नुकसान; अनेकवचनी 'डॅमेजेस' म्हणजे कायद्याच्या भाषेत त्या नुकसानाची भरपाई. 'वुई सफर्ड डॅमेजेस' असे लिहिणारा, काटेकोरपणे वाचले तर, 'आम्हांला भरपाईची रक्कम सोसावी लागली' असे लिहीत असतो. वाचणारा सहृदय असेल तर समजून घेईल. पण कागद वाचणारा सहृदय असेल या भरवशावर भाषा शिकवायची नसते.

विम्याचा कायदा याहून काटेकोर आहे. 'गाडी टोटल लॉस झाली' हे आता मराठीच झाले आहे. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात मात्र 'टोटल लॉस' दोन प्रकारचा आहे: 'अ‍ॅक्चुअल' आणि 'कन्स्ट्रक्टिव्ह'. नौका नष्टच झाली, किंवा बेपत्ता होऊन वाजवी काळात तिची काही खबर आली नाही, तर पहिला. नौका डोळ्यांपुढे वाळूवर पडलेली आहे, पण दुरुस्तीचा खर्च दुरुस्त नौकेच्या किमतीपेक्षा जास्त होईल, तर दुसरा. हा दुसरा प्रकार सामान्य माणसाच्या बुद्धीला चकवतो. सांगाडा समोर दिसत असताना 'सगळे गेले' म्हणायला प्रामाणिक माणसाची जीभ रेटत नाही. तो आपणहून 'पार्शल' लिहितो. ज्याच्या नौकेचा विमा आहे त्याचा प्रामाणिकपणाच येथे त्याच्यावर उलटतो, कारण त्या विशेषणाचा अर्थ डोळ्यांना दिसण्यावर नव्हे, हिशेबावर ठरतो, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

कायद्यातले आणखी एक विशेषण मराठीत दीर्घकाळ आहे: 'जबर दुखापत'. 'ग्रीव्हस हर्ट'ला हा प्रतिशब्द योजणाऱ्याला आम्ही मानतो, कारण त्याने 'गंभीर' हा सोयीचा शब्द टाळून 'जबर' हा आघाताचा शब्द घेतला. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३२० मध्ये दुखापत 'ग्रीव्हस' केव्हा ठरते याचे आठ प्रकार होते. त्यांतल्या आठव्यात माणसाला वीस दिवस तीव्र शारीरिक वेदना झाल्या तर, अशी एक अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ती मुदत पंधरा दिवसांची झाली. एका विशेषणाच्या सीमारेषेसाठी संसद दिवस मोजते. महाराष्ट्र न्यायिक अकादमी उत्तनलाच आहे. न्यायाधीश जेथे प्रशिक्षणाला येतात तेथून पाली फार दूर नाही. एकीकडे विशेषणाचे वजन दिवसांत तोलले जाते आणि त्याच परिसरातल्या मुलांना आपण सांगतो, की 'बिग' लिही, 'सीरिअस' लिही, अर्थ कळला की झाले. याला आम्ही उदारमतवाद म्हणायला तयार नाही. ही उपेक्षा आहे, आणि तिने उदारपणाचा अंगरखा घातलेला आहे.

आमच्यावर एक आरोप ठरलेला आहे: तुम्ही ग्रामीण, कोळी, आदिवासी, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला शुद्धतेच्या छडीने मारता. या आरोपामागची कळकळ खरी आहे. शुद्धतेचा वापर आपल्याकडे माणसे हाकलण्यासाठी झालेला आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण उच्चारावरून हसणे वेगळे आणि विशेषणाचा भेद शिकवणे वेगळे. उच्चार माणसाचा असतो. तो त्याने जपावा. भेद हे हत्यार असते. ते त्याच्या हाती द्यावे. ज्यांच्या घरी वकील आहेत, विम्याचे दलाल आहेत, त्यांच्या मुलांना हे हत्यार घरीच मिळते. वर्गात ते नाकारले की नाकारले जाते ते फक्त इतरांना. शिवाय पालीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईला भेद शिकवावे लागत नाहीत. महाग, भाव चढलेला, घासाघीस करून उतरवलेला, मातीमोल गेलेला हे सारे ती अचूक बोलते. तिच्या नातवाला इंग्रजीत तितकेच अचूक बोलता यावे, एवढीच आमची मागणी आहे.

या दुखण्यावर इंग्रजी विभागाची मक्तेदारी नाही. इंग्रजीतली चूक पुष्कळदा मराठीतल्या ढिलाईतून येते, आणि ती ढिलाई आमच्या विभागाच्या अखत्यारीतली आहे. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर आपल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीवर कितीही टीका करा, तिच्यात दोन भाषा समोरासमोर बसत होत्या. आज त्या दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या तासांना, एकमेकींची ओळख नसल्यासारख्या शिकवल्या जातात. म्हणून आमचे सांगणे असे: विशेषण सुटे शिकवू नका, नामासह शिकवा. 'महाग'खाली तीन इंग्रजी शब्द लिहिण्याऐवजी मासा, किंमत आणि चूक ही तीन नामे लिहा आणि प्रत्येकाशेजारी कोण बसते ते मुलांना शोधू द्या. भाषांतराच्या पत्रिकेत निसर्गवर्णनाचे उतारे पुष्कळ झाले. एकदा पंचनामा द्या, एकदा विम्याचा अर्ज द्या, एकदा शोकपत्र द्या. ज्याला तिन्हींत वेगळा 'लॉस' दिसला त्याला कवितेतलाही दिसेल, कारण कवीही अखेर हेच करत असतो: हानी कोणती आणि किती, याचा नेमका शब्द शोधत असतो.

ज्याला हानीचे नाव नीट घेता येत नाही त्याला ती अर्धी भरून मिळते, किंवा मिळतच नाही. त्याच्या वाट्याला तेवढे 'अर्थ कळला ना' उरते, आणि ते कोणत्याही खिडकीवर वटत नाही.